शीतयुद्धोत्तर अतिरिक्त शस्त्रसाठा आणि अमेरिकेतील स्वस्त सैनिकी पिस्तुले : एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

युद्ध संपले की सैनिक घरी परततो. त्याचे शस्त्र मात्र शस्त्रागारात जमा होते. पुढे सैन्याने नवे शस्त्र स्वीकारले की जुन्याचे काय करावे हा प्रश्न राज्यकर्त्यांसमोर उभा राहतो. ते वितळवता येते, तेल लावून भांडारात ठेवता येते, मित्रराष्ट्रास देता येते अथवा विकता येते. १९९० नंतरच्या दोन दशकांत पूर्व युरोपातील अनेक देशांनी यांपैकी शेवटचा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबिला. त्यातून अमेरिकेत ७.६२ मि.मी. आणि ९ मि.मी. व्यासाच्या जुन्या सैनिकी पिस्तुलांची एक स्वतंत्र बाजारपेठ निर्माण झाली. मैदानावर कागदी लक्ष्यावर नेमबाजी करणाऱ्या सामान्य उत्पन्नाच्या हौशी माणसाला ही पिस्तुले परवडत असत.

ही पिस्तुले स्वस्त होती ती हलक्या प्रतीची होती म्हणून, असा समज आढळतो. प्रस्तुत लेखात सहा प्रमुख शस्त्रांची तुलना करून असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, त्यांची किंमत गुणवत्तेने ठरली नव्हती. लष्करी करार, आयातीचे कायदे आणि काडतुसांची उपलब्धता या तीन गोष्टींनी ती ठरली. या गोष्टी बदलताच स्वस्ताईही संपुष्टात आली.

कायद्याची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अतिरिक्त शस्त्रे अमेरिकेत मुबलक येत होती आणि टपालाने मागविता येत होती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. तीत वापरलेली इटालियन कार्कानो रायफल अशाच साठ्यातील असून दुर्बिणीसह वीस डॉलरच्या आसपास टपालाने मागविलेली होती. त्याच दिवशी डॅलसमध्ये पोलीस अधिकारी टिपिट यांचा जीव ज्या रिव्हॉल्व्हरने घेतला, त्याचा प्रवास अधिक बोलका आहे. स्मिथ अँड वेसन कंपनीचे हे शस्त्र अमेरिकेतच तयार झाले, युद्धकाळात उधार-उसनवार योजनेखाली ब्रिटनसाठी रवाना झाले, युद्धानंतर निरुपयोगी साठा म्हणून परत आले आणि नळी कापून टपालाने विकले गेले.

या पार्श्वभूमीवर १९६८ मध्ये बंदूक नियंत्रण कायदा संमत झाला. त्याने टपालाने होणाऱ्या विक्रीस आळा घातला आणि परदेशी अतिरिक्त सैनिकी शस्त्रांची आयात बंद केली. १९८४ च्या दुरुस्तीने हे दार अंशतः पुन्हा उघडले. पन्नास वर्षांहून जुनी किंवा संग्राह्य म्हणून सरकारने यादीत घेतलेली शस्त्रे आणण्यास परवानगी मिळाली. मात्र पिस्तूल क्रीडायोग्य असावे ही अट कायम राहिली. लांबी, वजन, काडतुसाचा व्यास आणि सुरक्षेची साधने यांना गुण देऊन ही योग्यता ठरविण्यात येते. पुढे जे साठे उपलब्ध झाले, त्यांतील कोणते पिस्तूल बाजारात येणार आणि कोणत्या रूपात येणार, हे बव्हंशी या गुणपत्रिकेने ठरविले.

साठा कोठून आला

१९५५ मध्ये वॉर्सा करार झाला. सदस्य राष्ट्रांची शस्त्रे वेगवेगळी असली तरी काडतूस एकच असावे, हे सोव्हिएत धोरणाचे सूत्र होते. पिस्तुलांसाठी आधी ७.६२ × २५ मि.मी. आणि नंतर ९ × १८ मि.मी. ही काडतुसे प्रमाण ठरली. ३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनीचे एकीकरण झाले आणि पूर्व जर्मनीच्या सैन्याची शस्त्रे एकसंध जर्मनीच्या हाती आली. १ जुलै १९९१ रोजी वॉर्सा करारच विसर्जित झाला. पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक १९९९ मध्ये आणि बल्गेरिया, रुमानिया आदी देश २००४ मध्ये नाटोमध्ये दाखल झाले. नाटोचे प्रमाण काडतूस ९ × १९ मि.मी. असल्याने, उत्तम स्थितीतील लाखो पिस्तुले केवळ काडतूस जुळत नाही म्हणून कालबाह्य ठरली. येथे शस्त्रे झिजून बाद झाली नव्हती. राजकीय नकाशा बदलल्याने ती बाद झाली होती.

सहा शस्त्रांची तुलना

नागां १८९५ : बेल्जियन शस्त्रकार लेओं नागां यांची रचना असलेले हे सात गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर रशियाने १८९५ मध्ये स्वीकारले आणि पुढे तुला येथे त्याचे उत्पादन दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालले. घोडा मागे जाताना त्याचे फिरते चक्र पुढे सरकून नळीला भिडते आणि काडतुसाचे तोंड मधली फट बुजविते. त्यामुळे वायू बाहेर निसटत नाही. या करामतीची किंमत म्हणजे अतिशय जड चाप. काडतुसे एकेक करून भरावी लागतात आणि रिकामी टोपणेही सळईने एकेक करूनच काढावी लागतात. युद्धानंतर दुरुस्त करून साठविलेली ही रिव्हॉल्व्हर्स २००० च्या दशकात शंभर डॉलरच्याही आत मिळत असत. धक्का सौम्य असल्याने, घोडा हाताने मागे ओढून सावकाश नेम धरणाऱ्यास ते समाधान देते.

टोकारेव्ह टीटी-३३ : फ्योदोर टोकारेव्ह यांचे पिस्तूल १९३० मध्ये स्वीकारले गेले व १९३३ मध्ये त्यात उत्पादन सुलभ करणारे बदल झाले. ब्राउनिंग यांच्या तत्त्वावर चालणाऱ्या या पिस्तुलातील घोड्याची संपूर्ण जोडणी एकत्र बाहेर काढता येते. त्यामुळे सफाई सोपी होते. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या मावतात. पोलंड, रुमानिया, हंगेरी, चीन यांनी त्याच्या आवृत्त्या काढल्या. युगोस्लाव्हियाच्या एम-५७ मध्ये नऊ गोळ्यांची सोय होती. मूळ रचनेत हाताने लावण्याचा सुरक्षा-खटका नव्हता. घोड्याची अर्धी खाच हीच काय ती सुरक्षा. त्यामुळे अमेरिकेत आणताना त्याला वेगळा खटका बसवावा लागला. सोव्हिएत सैनिकासाठी अनावश्यक ठरलेला हा भाग अमेरिकन गुणपत्रिकेमुळे जोडला गेला.

सीझेड ५२ : ७.६२ × २५ मि.मी. काडतुसासाठीच चेकोस्लोव्हाकियाने १९५० च्या दशकाच्या आरंभी हे पिस्तूल तयार केले. त्यात नळी व वरचा सरकता भाग दोन रुळांनी एकमेकांत अडकतात. रचना भक्कम दिसत असली तरी टाचणी ठिसूळ असल्याने रिकामा चाप ओढल्यास ती तुटण्याचा अनुभव अनेकांना आला. आवाज आणि ज्वाळा मोठी, पकड काहीशी अवघड. तथापि गोळीचा मार्ग सपाट असल्याने लांबच्या लक्ष्यावर ते आनंद देते.

माकारोव्ह : निकोलाय माकारोव्ह यांचे हे आठ गोळ्यांचे पिस्तूल सोव्हिएत सैन्याने १९५१ मध्ये स्वीकारले. पूर्व जर्मनी, बल्गेरिया आणि चीन येथेही ते तयार झाले. काडतूस मध्यम शक्तीचे असल्याने कुलूपबंद यंत्रणेची गरज उरली नाही. सरकत्या भागाचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर काम भागते. नळी चौकटीत पक्की बसविलेली असल्याने नेम सुसंगत राहतो. भाग कमी, सफाई सोपी आणि बिघाड क्वचित, ही त्याची ख्याती होय. पूर्व जर्मनीतील नग घडणीच्या सफाईसाठी संग्राहकांत विशेष मान पावले.

पी-६४ : पोलंडचे हे सहा गोळ्यांचे लहान पिस्तूल अधिकाऱ्यांच्या कमरेला सहज वागविता यावे म्हणून घडविले गेले. तोच गुण मैदानावर दोष ठरतो. वजन सुमारे ६२० ग्रॅम, मूठ अरुंद आणि पहिल्या गोळीचा चाप कमालीचा जड. त्यामुळे तेच ९ × १८ मि.मी. काडतूस येथे हाताला झोंबते. दीर्घ सरावासाठी ते सोयीचे नाही.

सीझेड ८२ : १९८० च्या दशकातील हे चेकोस्लोव्हाक पिस्तूल या सहांत सर्वांत नवे. मॅगझिनमध्ये बारा गोळ्या, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सोयीचे खटके, पक्की नळी आणि सफाईदार चाप ही त्याची वैशिष्ट्ये. २००० च्या दशकात दोनशे डॉलरच्या आसपास मिळणारे हे पिस्तूल, त्याच्या दुपटीहून महाग असलेल्या नव्या पिस्तुलांशी तुलना करण्याजोगे होते. केवळ मैदानी नेमबाजीचा निकष लावला तर या सहांत त्यास प्रथम आणि माकारोव्हला दुसरे स्थान द्यावे लागेल. ज्यांना सर्वांत कमी पैसे पडत होते ते नागां मात्र उपयुक्ततेपेक्षा ऐतिहासिक कुतूहलाच्या बळावर विकले गेले.

काडतूस : किमतीची दुसरी बाजू

पिस्तूल एकदाच विकत घ्यावे लागते. काडतूस प्रत्येक सरावाला लागते. म्हणून शस्त्राची खरी किंमत काडतुसासह मोजली पाहिजे. टोकारेव्ह व सीझेड ५२ यांच्यासाठी पूर्व युरोपातील जुनी काडतुसे काही काळ अत्यंत स्वस्त होती. परंतु त्यांच्या प्राइमरमधील पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत क्षार उरतो. तो हवेतील ओलावा शोषतो आणि पोलाद गंजते. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून शस्त्र प्रथम पाण्याने धुऊन, कोरडे करून मग तेल लावावे लागते. हे न जाणणाऱ्यांच्या अनेक नळ्या वाया गेल्या. नागांचे काडतूस इतर कोणत्याही प्रचलित शस्त्रात वापरले जात नसल्याने स्वस्त रिव्हॉल्व्हरसाठी महाग काडतूस अशी विसंगती उद्भवली.

९ × १८ मि.मी. बाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक होती. नावात ९ मि.मी. असले तरी माकारोव्हच्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास सुमारे ९.२७ मि.मी., तर नाटोच्या काडतुसातील गोळीचा सुमारे ९.०१ मि.मी. आहे. दोन्ही काडतुसे परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. रशियन कारखान्यांनी पोलादी टोपणाची स्वस्त काडतुसे अमेरिकेस पुरविल्याने माकारोव्ह व सीझेड ८२ दीर्घकाळ परवडत राहिले. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन काडतुसांच्या नव्या आयात-परवान्यांवर निर्बंध घातले आणि हा आधारही डळमळला.

विक्री की विनाश

रशियन शस्त्रांवर बंधने याआधीच आली होती. १९९६ च्या अमेरिका-रशिया करारानुसार कोणती शस्त्रे आणता येतील याची यादी निश्चित झाली. नागां तीत राहिले, रशियन माकारोव्ह बाहेर पडले. दुसरीकडे, बाल्कन व आफ्रिकेतील यादवी युद्धांत अतिरिक्त साठ्यांतील शस्त्रे पोहोचल्याने जागतिक मत बदलत होते. युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेने २००० मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांनी २००१ मध्ये लघुशस्त्रांविषयी स्वीकारलेल्या दस्तऐवजांत अतिरिक्त शस्त्रांची विल्हेवाट शक्यतो विनाशाने लावावी, ही भूमिका घेतली.

यावर दोन मते आहेत. नोंदणीकृत आयातदारामार्फत, क्रमांकासह विकलेले शस्त्र बेवारस भांडारातून चोरीस जाणाऱ्या शस्त्रापेक्षा सुरक्षित, असे एक मत. त्यातून विक्रेत्या देशास चलन मिळते व यंत्रविद्येचा वारसा जतन होतो. दुसऱ्या मताप्रमाणे, विकलेले शस्त्र पुन्हा कोणाच्या हाती जाईल याची हमी कोणतीही नोंदवही देत नाही. टिपिट यांच्या मृत्यूस कारण झालेले रिव्हॉल्व्हर या दुसऱ्या मताच्या बाजूने साक्ष देते.

भारतात हा वाद या स्वरूपात उद्भवला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ व त्याखालील नियमांनुसार ९ मि.मी. सारखी सैन्याच्या वापरातील पिस्तुले प्रतिबंधित वर्गात मोडतात. त्यामुळे येथील पिस्तूल नेमबाजी क्रीडाप्रकाराच्या चौकटीतच वाढली. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तो प्रकार .२२ बोअरच्या खास क्रीडा-पिस्तुलाचा आहे. सैन्याच्या जुन्या साठ्याशी त्याचा संबंध नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, या पिस्तुलांची स्वस्ताई ही शीतयुद्धाच्या समाप्तीने निर्माण केलेली तात्पुरती स्थिती होती. साठे आटले, काडतुसे महागली आणि तेव्हाची शंभर-दोनशे डॉलरची शस्त्रे आज संग्राहकांच्या किमतीला गेली आहेत. दुसरी, किंमत आणि उपयुक्तता यांचा मेळ क्वचितच बसला; सर्वांत स्वस्त शस्त्र सर्वांत गैरसोयीचे ठरले, तर उत्तम शस्त्रही केवळ काडतूस परके झाल्याने अल्प किमतीत विकले गेले. तिसरी आणि महत्त्वाची, शस्त्राचे आयुष्य ते घडविणाऱ्या राज्यव्यवस्थेहून दीर्घ असते. सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया ही राज्ये नकाशावरून पुसली गेली. त्यांचे शिक्के असलेली पिस्तुले मात्र आजही चालतात. म्हणूनच अतिरिक्त साठ्याचा निर्णय हा भांडारप्रमुखाच्या हिशेबाचा विषय न मानता पुढील पिढ्यांवर परिणाम करणारा राजकीय निर्णय म्हणून त्याचा अभ्यास होणे आवश्यक आहे.