मॉडेलचे साल : जुन्या मोटारींची एक शकावली

१/ धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यात एखादी जुनी मोटार विक्रीस निघाली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॉडेल कितीचं?" उत्तर चार आकड्यांचे असते आणि त्यावर एखाद्या शेतकरी कुटुंबाची काही वर्षांची शिल्लक लागते. त्या चार आकड्यांमागे मोठा इतिहास आहे. #थ्रेड

२/ बखर आणि शकावली यांतील भेद इतिहासप्रेमींना ठाऊक आहे. बखर घटना रंगवून सांगते. शकावली तिथी आणि घटना एवढेच नोंदवते. "एकहाती वापर, गाडी लोण्यासारखी चालते" ही विक्रेत्याची बखर. आरसी बुकातील नोंद ही शकावली. निवाडा करताना दुसरीला अधिक वजन द्यावे लागते.

३/ या शकावलीत दोन तारखा असतात : उत्पादनाचा महिना-साल आणि नोंदणीचा दिनांक. डिसेंबरात तयार झालेली गाडी जानेवारीत नोंदली गेली, तर बोलण्यात ती एका सालाने 'तरुण' होते. गाडीत कोणते सुटे भाग बसले, हे मात्र उत्पादनाच्या तारखेवरून ठरते. प्रथम तीच पाहावी.

४/ एके काळी सालाला एवढे महत्त्व नव्हते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट पुढे 'पद्मिनी' झाली. पण परवाना राजच्या काळात तिचा मूळ साचा दशकानुदशके फारसा बदलला नाही. तेव्हा साल म्हणजे केवळ गाडीचे वय.

५/ १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. १९८६ मध्ये तिचा सांगाडा बदलला आणि २००० मध्ये कार्ब्युरेटरच्या जागी इंधन फवारणारी एमपीएफआय प्रणाली आली. नाव एकच, पण सालागणिक गाडी वेगळी. 'कितीचं मॉडेल' या प्रश्नाला खरा अर्थ येथून आला.

६/ या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. ३० डिसेंबर १९९८ रोजी टाटांची इंडिका बाजारात आली. नोंदणीसाठी झुंबड उडाली. पण पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारीही पुष्कळ आल्या. कंपनीने दोष शोधले, भाग सुधारले आणि २००१ मध्ये 'इंडिका व्ही२' आणली. हीच गाडी पुढे टॅक्सीचालकांच्या पसंतीस उतरली.

७/ यातून निघणारा नियम आजही लागू पडतो. नव्या साच्याच्या पहिल्या सालात कारखानाही शिकत असतो. दोष रस्त्यावर उघड होतात आणि पुढील एक-दोन वर्षांत दुरुस्त होतात. म्हणून मॉडेल आले ते साल टाळावे. सुधारणा झाल्यानंतरचे साल निवडावे.

८/ नावावर विसंबू नये, हे बोलेरो शिकवते. ही गाडी २००० पासून ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. २०१६ मध्ये 'पॉवर प्लस' आली, तीत लहान, १.५ लिटरचे इंजिन होते. रूप तेच, नाव जवळपास तेच, पण इंजिन वेगळे आणि त्याचे सुटे भागही वेगळे.

९/ आता सरकारी नियमांची शकावली. २०१० मध्ये बीएस-४ मानक देशातील मोजक्या शहरांत लागू झाले. त्या यादीत सोलापूर होते, धाराशिव नव्हते. त्यामुळे २०१० ते २०१७ या काळात एमएच १३ आणि एमएच २५ क्रमांकाच्या, एकाच सालच्या दोन गाड्या वेगवेगळ्या मानकांच्या असू शकतात.

१०/ १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर लागू झाले. परंतु नवे साल म्हणजे निर्धोक साल नव्हे. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ असते. ती साफ होण्यास सलग, वेगातला प्रवास लागतो. केवळ घर ते शेत फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते आणि खर्च मोठा येतो.

११/ जिवाशी निगडित साले वेगळी. एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांत २०२२ पासून. धुळे-सोलापूर महामार्गाचा रोजचा प्रवास असेल, तर किमतीतील थोड्या फरकासाठी या तारखांच्या अलीकडचे साल सोडू नये.

१२/ ताजी नोंद उसाशी जोडलेली आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळले जाते आणि एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग त्यास अनुरूप बनवलेले आहेत. त्याआधीची पेट्रोल गाडी त्याज्य ठरत नाही. पण तिच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील जाणत्या मेस्त्रीकडून तपासून घ्यावेत.

१३/ दोषाची कबुलीही आता कागदावर येते. २०१२ पासून मोटार उत्पादकांच्या संघटनेने सदोष गाड्या स्वेच्छेने परत बोलावण्याची संहिता स्वीकारली. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमुळे होंडाच्या अनेक जुन्या गाड्या भारतातही परत बोलावल्या गेल्या. चॅसिस क्रमांक अधिकृत सेवा केंद्रात दाखवला, की त्या गाडीचे असे काम झाले की राहिले, हे समजते.

१४/ खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. १३ वर्षांची गाडी स्वस्त मिळते, त्यामागे बहुधा हा येऊ घातलेला खर्चही असतो.

१५/ तरीही एकट्या शकावलीवर इतिहास लिहिता येत नाही. उत्तम सालाची गाडी निष्काळजी हातांत मोडीत निघते आणि सामान्य सालाची नीट राखली तर टिकते. सालावरून कोणती गाडी पाहायला जायचे ते ठरवावे. घ्यायची की नाही, हे सर्व्हिसच्या नोंदी, विम्याचे कागद आणि मेस्त्रीचा डोळा यांवर सोपवावे. (समाप्त)