देशी शाळांच्या गणत्या आणि सरकारी शिक्षणधोरण

इंग्रजी अंमल बसण्यापूर्वीं आपल्या देशांत शिक्षणाचा प्रसार किती होता, हा वाद नवा नाहीं. गांवोगांव शाळा होती असें एक पक्ष म्हणतो; लिहितां-वाचतां येणारा मनुष्य विरळाच होता असें दुसरा पक्ष प्रतिपादितो. दोन्ही पक्ष आपापल्या मताच्या पुष्ट्यर्थ आंकडे देतात, आणि विशेष हें कीं ते आंकडे पुष्कळदां एकाच दप्तरांतले असतात. प्रस्तुत लेखांत या वादाचा निकाल लावण्याचा हेतु नाहीं. हे आंकडे कोणीं, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल व कोठें जाऊन गोळा केले, आणि ते हातीं आल्यावर राज्यकर्त्यांनीं त्यांचें काय केलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल ती अशी कीं, गणतीचें पत्रक जेवढें पाहतें तेवढेंच शिक्षण सरकारी धोरणाला दिसतें, आणि पत्रकाबाहेर राहिलेलें शिक्षण कालांतरानें नव्हतेंच असें ठरतें.

प्रथम मद्रास इलाखा घेऊं. तेथील गव्हर्नर सर टॉमस मन्रो यानें ता. २५ जून १८२२ रोजीं टिपण लिहून सर्व कलेक्टरांकडून देशी शाळांची माहिती मागविली. शाळा किती, विद्यार्थी किती व कोणत्या जातीचे, मुलगे किती व मुली किती, पुस्तकें कोणतीं, खर्च काय, असे प्रश्न होते. उत्तरें येण्यास तीन-चार वर्षें लागलीं. त्यांचा गोषवारा मन्रोनें ता. १० मार्च १८२६ च्या टिपणांत दिला आहे. लोकसंख्या १,२८,५०,९४१, शाळा १२,४९८, विद्यार्थी १,८८,६५०. म्हणजे सुमारें हजार माणसांमागें एक शाळा पडते. पांच ते दहा वर्षांच्या मुलग्यांपैकीं चतुर्थांशाहून थोडे अधिक शाळेंत जात असावेत, असा हिशेब त्यानें मांडला. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाहीं. घरीं शिकणारीं मुलें जमेस धरल्यास हें प्रमाण एकतृतीयांशाच्या जवळ जाईल, असें त्यानें पुढें नमूद केलें. याचें कारण मद्रास शहराच्या पत्रकांत सांपडतें. तेथें शाळांतून ५,५२३ विद्यार्थी होते, तर घरीं शिकणारे सुमारें सव्वीस हजार नऊशें होते. मलबारच्या कलेक्टरानें कळविलें कीं, जिल्ह्यांत उच्च विद्येची पाठशाळा एकच असून तींत ७५ विद्यार्थी आहेत. पण खाजगी गुरूंजवळ धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक इत्यादि विषय शिकणारे १,५९४ आहेत. कानडा जिल्ह्याच्या कलेक्टरानें तर पत्रक भरलेंच नाहीं. येथील शिक्षण बहुतेक घरगुती असल्यामुळें तें पत्रकांत उतरणार नाहीं, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. एवंच, शाळेच्या ओसरीवर बसून मोजणाऱ्यास जें दिसलें नाहीं तें घराच्या ओसरीवर होतें.

बल्लारीचा कलेक्टर कँपबेल याचा १८२३ चा अहवाल या सर्व उत्तरांत अधिक विचारपूर्वक लिहिलेला आहे. त्याच्या जिल्ह्यांत ५३३ शाळा व ६,६४१ विद्यार्थी होते. त्या शाळांपैकीं २३५ कानडी, २२६ तेलुगु व २३ मराठी होत्या. शाळा कमी होण्याचें कारण म्हणून त्यानें लोकांची वाढती गरिबी सांगितली. पण त्याहून महत्त्वाचें एक विधान त्यानें केलें आहे. मुलें जीं पद्यें पाठ करतात त्यांची भाषा व्यवहाराच्या भाषेहून भिन्न असल्यामुळें त्यांना अर्थ कळत नाहीं, वाचन पोपटपंचीचें होतें, असें तो म्हणतो. शाळेंत मुलें किती, हा एक प्रश्न. त्यांना काय येतें, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नासाठीं पत्रकांत रकाना नव्हता, तरी एका कलेक्टरानें तो आपण होऊन उपस्थित केला, हें त्याला भूषणावह आहे.

आतां आपल्या मुंबई इलाख्याकडे वळूं. गव्हर्नराच्या कौन्सिलचा सभासद प्रेंडरगास्ट यानें १८२१ सालीं लिहून ठेवलें कीं, आमच्या मुलखांत लहान-मोठें असें गांव क्वचितच सांपडेल कीं जेथें एकहि शाळा नाहीं. त्यानंतर एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत चौकशीस आरंभ होऊन १८२९ सालीं जो एकंदर आंकडा निघाला त्याप्रमाणें सुमारें ४६ लाख ८१ हजार वस्तींत १,७०५ शाळा होत्या व त्यांत ३५ हजारांवर विद्यार्थी होते. या शाळांपैकीं सरकारी अवघ्या २५, बाकीच्या पंतोजींच्या. प्रेंडरगास्टचें विधान व हा आंकडा यांचा मेळ सहजासहजीं बसत नाहीं. मद्रासेस सुमारें ६८ माणसांमागें एक विद्यार्थी, तर मुंबईस सुमारें १३३ माणसांमागें एक. हें अंतर शिक्षणाचें कीं मोजणीचें? गोषवारा पाहून या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं. त्यासाठीं मूळ कागदच पाहिले पाहिजेत. रा. वि. परुळेकर यांनीं मुंबई इलाख्याच्या या चौकशीचे मूळ कागद १९५१ सालीं छापून प्रसिद्ध केले, हे त्यांचे मराठी अभ्यासकांवर मोठे उपकार होत.

बंगालची चौकशी सर्वांत सूक्ष्म व तिची कथा सर्वांत उद्बोधक आहे. विल्यम अॅडम हा स्कॉटिश मिशनरी. राममोहन रॉय यांच्या सहवासानें त्याचीं मतें पालटलीं. लॉर्ड बेंटिंक यानें जानेवारी १८३५ मध्यें त्याला देशी शिक्षणाच्या चौकशीवर नेमलें. जुलै १८३५ च्या पहिल्या अहवालांत त्यानें पूर्वींच्या कागदांवरून अंदाज दिला कीं, बंगाल व बिहार मिळून चार कोटि वस्तींत सुमारें एक लक्ष शाळा, म्हणजे चारशें माणसांमागें एक शाळा असावी. परंतु अंदाजावर विसंबून राहणारा तो नव्हता. दुसऱ्या अहवालासाठीं त्यानें स्थालीपुलाकन्यायानें राजशाही जिल्ह्यांतील नाटोर हें एकच ठाणें निवडलें व त्यांतील ४८५ गांवें तपासलीं. १,९५,२९६ वस्तींत प्राथमिक शाळा निघाल्या २७ आणि विद्यार्थी २६२. एवढेंच पाहिलें तर लक्ष शाळांची गोष्ट दंतकथा वाटेल. पण अॅडम घरोघर गेला होता. १,५८८ कुटुंबांत २,३०० हून अधिक मुलें घरींच अक्षरओळख करून घेत होतीं, म्हणजे शाळेच्या जवळजवळ नऊपट! शिवाय संस्कृत पाठशाळा ३८ होत्या त्या वेगळ्याच. १८३८ च्या तिसऱ्या अहवालांत मुर्शिदाबाद, बीरभूम, बरद्वान, दक्षिण बिहार व तिरहूत या पांच जिल्ह्यांची माहिती आहे. तींत शिक्षक व विद्यार्थी यांची जातवार यादी असून, कनिष्ठ मानलेल्या जातींचीं मुलेंहि पाठशाळांत बसत होतीं असें तीवरून दिसतें. मुलींचें शिक्षण मात्र जवळजवळ शून्य होतें, हेंहि त्यानें झांकून ठेवलें नाहीं.

अॅडमची सूचना साधी होती. आहेत त्या शाळा मोडूं नका; त्यांनाच पाया समजा. देशभाषेंत चांगलीं पुस्तकें तयार करा, गुरुजींची परीक्षा घ्या, उत्तीर्ण होणारास इनाम द्या. परंतु येथें तारखांकडे लक्ष द्यावें. अॅडमची नेमणूक जानेवारी १८३५. मेकॉलेचें टिपण ता. २ फेब्रुवारी १८३५. सरकारी पैसा मुख्यतः इंग्रजी शिक्षणावर खर्च करावा असा बेंटिंकचा ठराव ता. ७ मार्च १८३५. आणि अॅडमचा पहिला अहवाल त्यानंतर जुलैमध्यें. साक्षीपुरावा होण्यापूर्वींच निवाडा झाला होता! पुढें तिसरा अहवाल आला तेव्हां शिक्षणसमितीनें ती योजना खर्चाची व अव्यवहार्य ठरविली, आणि १८३९ सालीं लॉर्ड ऑकलंड यानेंहि ती बाजूस सारली. मद्रासेस मन्रोनें जिल्ह्याच्या व तहशिलीच्या ठिकाणीं शाळा काढण्याची योजना आंखली होती. १८२७ सालीं तो वारल्यावर तीहि मागें पडली. वायव्य प्रांतांत टॉमसन यानें मात्र गांवच्या शाळांचा आधार घेऊन पुढें कांहीं काम केलें. एकंदरींत संशोधन उत्तम झालें, पण तें दप्तरांत बांधून ठेवण्यासाठींच झालें, असें म्हणणें प्राप्त आहे.

शंभर वर्षांनीं हे कागद पुन्हां बाहेर निघाले ते वादासाठीं. गांधीजींनीं ऑक्टोबर १९३१ मध्यें लंडन येथें देशी शिक्षणाच्या ऱ्हासाचा उल्लेख केला. सर फिलिप हार्टॉग यानें त्यास आव्हान देऊन १९३९ सालीं ग्रंथ लिहिला. पुढें १९८३ सालीं धरमपाल यांनीं मद्रासचीं पत्रकें समग्र छापून दुसरी बाजू मांडली. एकानें शाळांवर बोट ठेवलें, दुसऱ्यानें ऱ्हासावर. घरच्या ओसरीवरील शिक्षणाचा हिशेब मात्र अद्यापि अपुराच आहे.

हा केवळ गतकालाचा प्रश्न नव्हे. स्वातंत्र्य मिळाल्यावर आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक देशांनीं पटावरील नांवें मोजून शिक्षणाची प्रगति ठरविली. शाळा वाढल्या, पट भरला. परंतु २००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेनें ‘असर’ नांवाची पाहणी सुरू केली, ती शाळेंत न जातां घरोघर जाऊन, मुलापुढें एक लहानसा उतारा ठेवून. ग्रामीण भागांत पांचवींतील जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचतां येत नाहीं, असें तीत वर्षानुवर्षें आढळत आलें. हीच रीत पाकिस्तान, केनिया, टांझानिया व युगांडा येथेंहि गेली. अॅडमचा उंबरठा व कँपबेलचा प्रश्न येथें एकत्र आले, असें म्हणण्यास हरकत नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांत पायाभूत वाचन व गणन यांस अग्रस्थान मिळालें. या वेळीं निदान पुराव्यामागून निवाडा आला.

असो. आमच्या संग्राहक बंधूंस शेवटीं एक विनंती करावयाची आहे. जुन्या वाड्यांतील रुमाल सोडतांना सनदा, तहनामे, कैफियती आपण जपून वेगळ्या काढतों. पण पंतोजीस दिलेल्या शिध्याची टिपणें, मुलांचे मोडी कित्ते, पावकी-निमकीच्या उजळण्या, घरच्या मुलींना गिरविण्यासाठीं काढून दिलेलीं अक्षरें, हे कागद रद्दींत जातात. १८२९ च्या पत्रकांत ज्यास रकाना मिळाला नाहीं त्या शिक्षणाचा पुरावा, असेल तर, याच चिटोऱ्यांत आहे. गांव, घराणें व साल यांची नोंद करून ते राखून ठेवले, तर मुंबई इलाख्याच्या त्या आंकड्याची परीक्षा कधीं काळीं घरच्या बाजूनें करतां येईल. अॅडमला एका ठाण्याच्या गांवांतून हिंडून जें करतां आलें, तें आपणांस आपापल्या तालुक्यापुरतें रुमालांतून करतां येण्यासारखें आहे.