गुपिताचं वय : बुद्धिबळातल्या ओपनिंगचा वहीपासून डेटाबेसपर्यंतचा प्रवास

१९१८ साली न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेत अमेरिकेच्या फ्रँक मार्शलने क्यूबाच्या कापाब्लांकासमोर आठव्या चालीला एक प्यादं चक्क देऊन टाकलं. बदल्यात त्याला पांढऱ्या राजावर हल्ला हवा होता. कापाब्लांकाने प्यादं घेतलं, हल्ला पटावर बसूनच एकेक चाल शोधत परतवला आणि डाव जिंकला. पुढे एक आख्यायिका तयार झाली. मार्शलने म्हणे ही युक्ती कित्येक वर्षं खास कापाब्लांकासाठी राखून ठेवली होती. अभ्यासकांना ही गोष्ट फारशी पटत नाही. तरी ती शंभर वर्षं सांगितली गेली, कारण ऐकणाऱ्याला ती शक्य वाटत होती. बुद्धिबळातलं गुपित कित्येक वर्षं टिकू शकतं, यावर तेव्हा सगळ्यांचा विश्वास होता.

आज मार्शलच्या त्या हल्ल्याला एक क्रमांक आहे : सी८९. फोनवर तो उघडला की हजारो डाव समोर येतात. एखाद्या खेळाडूने आज दुपारी नवी चाल खेळली, तर रात्री जेवणाआधी ती जगभरच्या फाइलींमध्ये जाऊन बसलेली असते. गुपिताचं वय वर्षांवरून तासांवर आलं. हे कसं झालं आणि त्यात खेळणाऱ्याच्या हाती काय उरलं, त्याची ही गोष्ट.

कागदाचे दिवस

डावाच्या सुरुवातीच्या चालींना ओपनिंग म्हणतात. त्या पाठ करायला काय लागतं, असं नवख्याला वाटू शकतं. पण पहिल्या चालीला पांढऱ्याकडे २० पर्याय असतात आणि काळ्याकडेही २०. म्हणजे दोघांची एकेक चाल झाली की ४०० मार्ग. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की १,९७,२८१. यातले बहुतेक मार्ग कुचकामी असतात, पण कामाचे कुठले ते आधी कुणीतरी शोधून लिहून ठेवावं लागतं.

असं लिहून ठेवणं जुनंच आहे. १८४३ साली जर्मनीत बिल्गर यांचं जाडजूड हँडबुक आलं. बिल्गर त्याआधीच वारले होते, काम पुरं केलं त्यांचे मित्र फॉन डर लासा यांनी. ओपनिंगच्या फांद्या तक्त्यांमध्ये मांडण्याची त्याची पद्धत पुढची कित्येक दशकं चालली. १९११ पासून इंग्रजीत 'मॉडर्न चेस ओपनिंग्ज' निघू लागलं. पण छापील पुस्तक बाजारात येईपर्यंत त्यातला काही भाग शिळा झालेला असे.

आणि ज्याच्यापर्यंत पुस्तकच पोचत नसे त्याचं काय? पंजाबचा सुलतान खान भारतीय नियमांनी खेळत वाढला. त्या नियमांत प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरं पुढे जाता येत नसे. युरोपातल्या ओपनिंगचं ज्ञान जवळपास नसतानाही त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, हेस्टिंग्जमध्ये कापाब्लांकालाही हरवलं. पण त्याचा प्रत्येक डाव जणू चढावरून सुरू व्हायचा. समोरच्याने घरून आणलेल्या चालींना त्याला पटावर बसून उत्तरं शोधावी लागत.

पुढे सोव्हिएत खेळाडूंनी हे काम शिस्तीचं केलं. बोटविनिक ओपनिंगची तयारी प्रयोगशाळेत काम करावं तशी करायचा. वह्या, कार्डं, सहकाऱ्यांबरोबर केलेली विश्लेषणं यांचा साठा वाढत गेला. तो घरचा माल होता, बाहेरच्याला सहज दिसत नसे. अमेरिकेतला बॉबी फिशर रशियन मासिकं वाचता यावीत म्हणून रशियन शिकला. १९७२ च्या रेक्याविकच्या सामन्याआधी स्पास्कीच्या डावांचं एक जाड लाल पुस्तक तो सतत जवळ बाळगून असायचा. त्या काळचा डेटाबेस असा काखेत मारून न्यावा लागे.

पाचशे कप्पे

यात पहिला मोठा बदल झाला तो बेलग्रेडमध्ये, आणि तोही कागदावरच. १९६६ साली अलेक्झांडर मातानोविच यांनी 'शाहोव्स्की इन्फॉर्मेटर' सुरू केलं. त्यात निवडक डाव असत आणि टिपणं शब्दांऐवजी चिन्हांमध्ये असत. पांढऱ्याची बाजू थोडी वरचढ, स्थिती अस्पष्ट, ही चाल नवी, अशा प्रत्येक गोष्टीला एक खूण. त्यामुळे मॉस्कोतला आणि मुंबईतला खेळाडू एकच पान सारख्याच सहजतेने वाचू शकत होते.

याच मंडळींनी १९७४ पासून ओपनिंगचा विश्वकोश काढला. ए, बी, सी, डी, ई असे पाच खंड आणि प्रत्येकात ०० ते ९९ असे शंभर कप्पे. ए००पासून ई९९पर्यंत एकूण ५००. स्पॅनिश ओपनिंग सी६०पासून सुरू होते, सिसिलियनचा नायडॉर्फ बी९०पासून. नावं देशोदेशी बदलतात, क्रमांक बदलत नाहीत. आज फोनवरच्या ॲपमध्ये डावाच्या वर छोट्या अक्षरांत दिसणारा क्रमांक तोच आहे. पन्नास वर्षांपूर्वी कागदासाठी केलेली ही सोय संगणकाला आयती मिळाली.

पण कप्प्यांमध्ये एक अडचण होती. घोडा आधी आणि प्यादं नंतर, किंवा प्यादं आधी आणि घोडा नंतर, अशा दोन वेगळ्या वाटांनी पटावर तीच स्थिती येऊ शकते. चालींच्या क्रमाने लावलेल्या वहीत ही एकच स्थिती दोन पानांवर जाते, आणि एका पानावर सुधारणा केली तरी दुसरं पान जुनंच राहतं.

यावरचा उपाय १९७० मध्ये अमेरिकेतल्या आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी मांडला होता. प्रत्येक सोंगटी आणि प्रत्येक घर यांच्या जोडीला एक मोठी, कशीही निवडलेली संख्या द्यायची. पटावरच्या सगळ्या जोड्यांच्या संख्या एका ठरावीक रीतीने एकत्र केल्या की त्या स्थितीचा एक अंक मिळतो. तुम्ही तिथे कुठल्याही वाटेने आलात तरी अंक तोच. त्यामुळे संगणक लाखो डावांतून ती स्थिती क्षणात शोधू शकतो. ओपनिंगच्या सॉफ्टवेअरची खरी ताकद इथे आहे. वही वाट लक्षात ठेवते, सॉफ्टवेअर मुक्काम ओळखतं.

हॅम्बुर्गचा परतीचा सामना

१९८७ साली भौतिकशास्त्र शिकलेले मथियास व्युलेनवेबर आणि विज्ञान पत्रकार फ्रेडरिक फ्रीडेल यांच्या प्रयत्नांतून जर्मनीत चेसबेस आलं, ते चालायचं अटारी एसटी संगणकावर. विश्वविजेता गॅरी कास्पारोव्हने त्याचं मोल लगेच ओळखलं. हॅम्बुर्गच्या एका क्लबच्या आठ तगड्या खेळाडूंशी तो आधी एकाच वेळी खेळला होता आणि साडेतीन विरुद्ध साडेचार असा हरला होता. १९८७ च्या परतीच्या सामन्याआधी त्याने या आठ जणांचे डाव चेसबेसवर पाहून घेतले. कोण काय खेळतो, कुठे अडखळतो, हे ध्यानात घेतलं. या वेळी निकाल लागला ७-१.

सोंगट्या त्याच होत्या आणि कास्पारोव्हची बुद्धीही तीच होती. फरक पडला तो माहिती लावून ठेवण्यामुळे. कुठली वही आधी उघडायची हे शोधण्यात जाणारा वेळ आता विचाराला मिळू लागला.

त्यानंतर माहितीचा नळ सुटला. सप्टेंबर १९९४ मध्ये इंग्लंडच्या मार्क क्रॉउदर यांनी 'द वीक इन चेस' सुरू केलं आणि जगभरातल्या स्पर्धांचे डाव दर आठवड्याला इंटरनेटवर येऊ लागले. मद्रासमध्ये सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या क्लबात खेळत घडलेला विश्वनाथन आनंद तोवर विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर पोचला होता. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये तो कास्पारोव्हशी खेळला. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले आणि नववा आनंदने जिंकला. दहाव्यात तो सहाव्या डावातल्याच खुल्या स्पॅनिशच्या वाटेने गेला. चौदाव्या चालीला कास्पारोव्हने घरून आणलेला उंटाचा बदल काढला, पाठोपाठ हत्तीचं बलिदान देऊ केलं आणि डाव जिंकला. दोन डावांमध्ये मिळालेल्या थोड्याशा वेळात एक संपूर्ण फांदी मोडीत निघाली होती.

२००० साली लंडनमध्ये व्लादिमिर क्रामनिकने हाच डाव कास्पारोव्हवर उलटवला. त्याने जुनी, जवळपास विस्मरणात गेलेली बर्लिनची बचावात्मक पद्धत बाहेर काढली. चार डावांत ती वापरली, चारही बरोबरीत सुटले. वजीर लवकर पटावरून जातात आणि लांब, संथ लढाई सुरू होते. कास्पारोव्हला अख्ख्या सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही. २००८ मध्ये बॉन इथे आनंदने क्रामनिकविरुद्ध काळ्या सोंगट्यांनी तिसरा आणि पाचवा असे दोन डाव डी४९ या एकाच कप्प्यातून जिंकले. त्यामागे सूर्यशेखर गांगुलीसह सहकाऱ्यांच्या चमूची महिनोन्‌महिने चाललेली मेहनत होती.

उत्तरं सगळ्यांकडे

डेटाबेस सांगतो की लोक काय खेळले. काय खेळायला हवं होतं हे सांगायला इंजिन आलं. १९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा त्यासाठी आयबीएमचं अजस्र यंत्र लागलं होतं. २००८ पासून मिळणारं स्टॉकफिश फुकट आहे आणि आजच्या साध्या फोनवरही जगज्जेत्यापेक्षा ताकदवान आहे. २०१० मध्ये फ्रान्सच्या तिबो दुप्लेसी यांनी सुरू केलेलं लिचेस आपल्यावर खेळले गेलेले सगळे रेटेड डाव कुणालाही फुकट उतरवून घेऊ देतं. बोटविनिकच्या काळात राज्यसंस्था पाठीशी असलेल्यालाच मिळायचं, त्याहून जास्त आज नागपुरातल्या किंवा सांगलीतल्या मुलीच्या खिशात आहे. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला. तिच्या यशाचं श्रेय सॉफ्टवेअरला देणं चूक ठरेल, पण सुलतान खानसारखा चढावरून डाव सुरू करण्याची वेळ तिच्या पिढीवर आली नाही, हे खरं आहे.

मग अडचण काय? उत्तर सगळ्यांकडे असलं की पाठ करण्याची शर्यत सुरू होते. फिशरला हे आधीच खुपत होतं. त्याने १९९६ मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये मागच्या रांगेच्या सोंगट्या चिठ्ठी टाकून मांडण्याचा प्रकार जाहीर केला. सुरुवातीच्या ९६० मांडण्या असल्या की पाठांतर कुठवर पुरणार!

सॉफ्टवेअरचे आकडेही जपून वाचावे लागतात. एखादी चाल शंभरातले साठ डाव जिंकते असं दिसलं, तरी ते साठ डाव तिचं उत्तर सापडण्याआधीचे असू शकतात. एकाच नव्या खेळीने फांदी मोडते, पण जुनी आकडेवारी पुढे कित्येक महिने गोड दिसत राहते. तसंच इंजिनच्या ०.०० चं. स्थिती समान आहे, असा त्याचा अर्थ. मात्र ती समान राखायला एका बाजूला ओळीने सहा अवघड चाली शोधाव्या लागणार असतील, तर माणसांच्या डावात ती समान नसते.

गुकेशचं उदाहरण इथे बोलकं आहे. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी त्याला बरीच वर्षं इंजिनपासून लांब ठेवलं. रेटिंग अडीच हजारांच्या आसपास पोचेपर्यंत तो स्वतःच हिशेब करत राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला तो विश्वविजेता झाला, तेव्हा अर्थातच इंजिनची भरपूर तयारी त्याच्यामागे होती. पण आधी स्वतःचा विचार आणि मग यंत्राची तपासणी, हा क्रम त्याच्या अंगात मुरलेला होता.

तुम्ही स्वतःची फाइल बनवत असाल, तर हा इतिहास तिथे उपयोगी पडतो. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशा दोनच फाइली पुरेत. प्रत्येक स्थितीला आपली एकच चाल ठेवावी, समोरच्याच्या मात्र नेहमी येणाऱ्या सगळ्या चाली घ्याव्यात. फांदी सरासरी दहा-बारा चालींवर थांबवावी. पुढे वाढवायची ती आपल्या डावात खरंच तिथवर पोचल्यावर. हरलेला प्रत्येक डाव त्या झाडात नेऊन पाहावा, म्हणजे वाट नेमकी कुठे सुटली ते कळतं.

आणि चालीसमोर मराठीत एक ओळ लिहावी : हा उंट इथे का, हे प्यादं आत्ताच का. इन्फॉर्मेटरने शब्द काढून टाकले, कारण ज्ञान सगळ्या भाषांत पोचवायचं होतं. ते काम आता झालं आहे. चाली सगळ्यांच्या सारख्याच आहेत. समोरचा एकविसाव्या चालीला पाठ केलेल्यातून बाहेर पडेल, तेव्हा तुमच्याकडे असलेली ती एक ओळ त्याच्या डेटाबेसमध्ये नसेल.