फ्रीमाँटच्या गाड्यांचा सातबारा

फ्रीमाँट म्हटलं की हल्ली सगळ्यांना टेस्लाच आठवते. पण मंडळी, हा कारखाना काही टेस्लाने बांधलेला नाही, तिने तो २०१० मध्ये घेतला. त्याआधी १९८४ पासून इथे जनरल मोटर्स आणि टोयोटाची भागीदारी होती, आणि त्याच्याही आधी, १९६३ ते १९८२, एकट्या जनरल मोटर्सची असेंब्ली लाइन. शेव्हर्ले शेव्हेल, पाँटिअ‍ॅक जीटीओ अशा गाड्या इथे बनायच्या. अमेरिकन लोक ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्या याच.

मसल कार म्हणजे काय, तर मध्यम आकाराची साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं. जीएमचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नको. पाँटिअ‍ॅकचे चीफ इंजिनियर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या साथीदारांनी १९६४ च्या मॉडेलसाठी पळवाट शोधली. ३८९ घनइंचांचं इंजिन वेगळं मॉडेल म्हणून विकायचंच नाही, टेम्पेस्ट गाडीवरचं 'ऑप्शन' म्हणून विकायचं! जादा पैसे सुमारे ३०० डॉलर. ३८९ घनइंच म्हणजे जवळपास ६.४ लिटर. आपल्या कुर्ल्याच्या पद्मिनीचं इंजिन १.१ लिटरचं, म्हणजे जवळजवळ सहा पद्मिनी एका बॉनेटखाली :) पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ खपल्या.

गंमत अशी की या पळवाटेची किंमत आजचे संग्राहक मोजताहेत. जीटीओ हे नुसतं ऑप्शन असल्यामुळे १९६४ आणि ६५ च्या गाड्यांच्या चासी नंबरात त्याचा उल्लेखच नाही. साध्या टेम्पेस्टवर जीटीओचा बिल्ला लावला, इंजिन बदललं की झाली जीटीओ तयार. मग खरी कुठली? सुदैवाने पाँटिअ‍ॅकची त्या काळची बिलं जपून ठेवलेली आहेत, आणि 'पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस' पैसे घेऊन त्यांची प्रत देते. जमीन कितीही सुपीक असली तरी सातबारा पाहिल्याशिवाय कुणी विसार देत नाही ना, तसंच हे.

शेव्हेलवाल्यांची मात्र पंचाईत आहे. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ चं सर्वांत ताकदवान रूप, ४५० अश्वशक्तीचं, जेमतेम साडेचार हजार बनलं. चासी नंबरातून गाडी कुठली ते कळतं ('झेड' म्हणजे फ्रीमाँट), पण ती एसएस आहे का, ते कळत नाही. पाँटिअ‍ॅकसारखी बिलंही मिळत नाहीत. मग लोक 'बिल्ड शीट' शोधतात. लाइनवरच्या कामगारांसाठी छापलेला हा कागद कधी सीटच्या स्प्रिंगांत, तर कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहायचा. त्यासाठी चक्क टाकी खाली उतरवतात! उंदरांनी कुरतडलेला, ग्रीस लागलेला तो चिटोरा सापडला की गाडीचा भाव चढतो.

तेव्हा न खपलेली गाडी आज सर्वांत महाग, हाही एक न्याय. १९७१ पर्यंत विम्याचे हप्ते इतके वाढले होते की हेमी इंजिनाची उघड्या टपाची प्लिमथ कूडा फक्त ११ जणांनी घेतली. त्यांतली एक २०१४ साली ३५ लाख डॉलरना गेली. त्या प्रकाराचा मुळात बाजारच संपत आला होता. १९७३ च्या तेलटंचाईने उरलंसुरलं आटोपलं.

फ्रीमाँटचा जुना कारखाना कामगारांच्या गैरहजेरीसाठी बदनाम होता. शेवटच्या काळात ती २० टक्क्यांपर्यंत जायची, कामाचा दर्जाही यथातथाच. आता संग्राहकांना मात्र त्या काळच्या कारखान्यांतून आलेला मूळ रंगच हवा असतो, ओघळांसकट! गाडी नव्याहून चकचकीत करून आणली तर जाणकार नाकं मुरडतात.

याचं सर्वांत मोठं उदाहरण इथून दहा-पंधरा मिनिटांवर मिल्पिटासला तयार झालं. फोर्डच्या तिथल्या कारखान्याला सॅन होजे असेंब्ली म्हणत. 'बुलिट' (१९६८) सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर उडवलेली हिरवी मस्टँग तिथलीच. तिच्या नंबरातलं 'आर' हे अक्षर त्याच कारखान्याचं. १९७४ मध्ये ती एकाने जाहिरात पाहून ६,००० डॉलरना घेतली. त्याची शिक्षिका बायको ती घेऊन रोज शाळेत जायची. पुढे गाडी कित्येक वर्षं बंद पडून होती, ना रंग ना डागडुजी. १९७७ साली ती परत विकत मागणारं खुद्द मॅक्वीनचं पत्र मात्र घरच्यांनी जपलं. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ती पोचे आणि गंजासकट ३७.४ लाख डॉलरना गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेसव्वीस कोटी रुपये. तशाच दुसऱ्या ६८ च्या मस्टँगला याचा छोटासा अंशही मिळत नाही.

मिल्पिटासचा तो कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. त्याच इमारतीत १९९४ पासून 'ग्रेट मॉल' आहे. इकडे आलेल्या आई-वडिलांना बॅगा आणि बूट घ्यायला आपण सगळे नेतो ना, तोच.