एक पाचू, दोन देश आणि पाच चोर

१/ १९६० या एकाच वर्षी आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. त्या घटनेचे पडसाद राजकीय ग्रंथांत उमटले, हे स्वाभाविकच. पण ते न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या एका विनोदी चोरकथेतही ऐकू येतात. ती कादंबरी म्हणजे डोनाल्ड वेस्टलेक यांची 'द हॉट रॉक' (१९७०). #थ्रेड

२/ कथेच्या मुळाशी आहे एक वाटणी. एका ब्रिटिश वसाहतीचे तलाब्वो आणि अकिन्झी असे दोन देश होतात. दोन्ही काल्पनिक. बालाबोमो पाचू ज्या जमातीला पूज्य, ती जमात तलाब्वोत. पाचू मात्र अकिन्झीच्या ताब्यात.

३/ अशा वाटण्या प्रत्यक्षात होत होत्या. ब्रिटिश कॅमेरून्सचा उत्तर भाग १९६१ मध्ये नायजेरियात गेला, दक्षिण भाग कॅमेरूनमध्ये. १९६२ मध्ये रुआंडा-उरुंडीचे दोन देश झाले. आपल्याकडे १९४७ नंतर मोहेंजोदडोच्या प्राचीन हाराचे मणीसुद्धा भारत-पाकिस्तानात वाटले गेले! हाराचे मणी निदान मोजता तरी येतात. अखंड पाचूचे काय करणार?

४/ पाचू प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कला येतो आणि तलाब्वोचा संयुक्त राष्ट्रांतील राजदूत मेजर आयको तो चोरण्यासाठी माणसे शोधतो. नुकताच तुरुंगातून सुटलेला डॉर्टमंडर मुळीच उत्सुक नाही. पण मित्र केल्प त्याला ओढतोच. एक चालक, एक कुलूपतज्ज्ञ आणि ग्रीनवुड असे आणखी तिघे जमतात.

५/ चोरी होते, पण ग्रीनवुड पकडला जातो आणि पाचू चक्क गिळून टाकतो. आता त्याला तुरुंगातून सोडवणे आले. मग कळते, पाचू पोलीस ठाण्याच्या कोठडीत दडवलेला आहे. तिथे हेलिकॉप्टरने जावे, तर तो वकिलाने आधीच लांबवलेला. वकील मनोरुग्णालयात, तिथे शिरायला रेल्वेचे इंजिन! दर खेपेला सामानाची नवी यादी राजदूतापुढे येते आणि नवस्वतंत्र राष्ट्राचा तो प्रतिनिधी हिशेब पाहून कळवळतो. कादंबरीतील सर्वांत खमंग विनोद याच प्रसंगांत आहे.

६/ हे सारे मुळात विनोदी असणारच नव्हते. वेस्टलेक 'रिचर्ड स्टार्क' या टोपणनावाने पार्कर नावाच्या निर्दय दरोडेखोराच्या कथा लिहीत (पहिली १९६२ ची). हे कथानकही पार्करसाठीच योजलेले होते. पण एकच वस्तू पुन्हा पुन्हा चोरावी लागली की थंड डोक्याचा दरोडेखोरही हास्यास्पद दिसतो. पार्करला ते शोभेना. म्हणून नवा नायक जन्मला. त्याचे नाव सुचले बारमधील एका जर्मन बिअरच्या फलकावरून!

७/ डॉर्टमंडरच्या पुढे एकूण चौदा कादंबऱ्या झाल्या. १९७२ च्या चित्रपटात रॉबर्ट रेडफर्डने त्याची भूमिका केली. पडद्यावर मात्र पाचूचा हिरा झाला आणि चोरीचे ठिकाण ब्रुकलिन संग्रहालय. त्यात चोरांचे हेलिकॉप्टर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांजवळून जाते, तेव्हा त्यांचे बांधकाम अजून सुरूच होते.