पोटगीची वाट : पतीच्या गावाकडून पत्नीच्या गावाकडे

छळ सोसून घर सोडलेल्या आईला अपत्याच्या पोटगीसाठी पुन्हा त्याच दारी जावे लागू नये, हा विचार आपल्या कायद्यात टप्प्याटप्प्याने आला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ नुसार पती जेथे राहतो वा असेल, किंवा पत्नीसह जेथे शेवटी राहिला, तेथेच अर्ज करावा लागे. माहेरी परतलेल्या स्त्रीची त्यामुळे कोंडी होई. १९७३ च्या संहितेने (कलम १२६) पत्नी राहते त्या जिल्ह्यातही अर्जाची मुभा दिली; २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली आहे.

नूर सबा खातून खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम मातेजवळील अपत्यांचा पोटगीचा हक्क १९८६ च्या कायद्यानंतरही अबाधित असल्याचे स्पष्ट केले.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातील कलम २० नुसार पतीने रक्कम थकवल्यास ती त्याच्या वेतनातून थेट स्त्रीला देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा आदेश मालकाला देता येतो. २००६ च्या नियमांनुसार स्त्रीने विनंती केल्यास आश्रयगृह तिची ओळख उघड करीत नाही.

पोटगी किती, याइतकाच ती कोणत्या वाटेने हाती येते हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. अर्ज लिहून देणाऱ्याने तो आधी विचारावा.