ओटीत मुलगा, हातात अन्नवस्त्र

दत्तकाचा विधी पुरा झाला की मुलगा विधवेच्या ओटीत येई आणि एकत्र कुटुंबातून विभक्त झालेल्या पतीकडून वारशाने आलेली मिळकत तिच्या हातून जाई. मुंबई इलाख्याच्या दिवाणी न्यायालयांत आई विरुद्ध दत्तक मुलगा असे दावे उभे राहत, त्यांचे मूळ इथे आहे.

बंगालात पतीची अनुज्ञा असल्याशिवाय विधवेला दत्तक घेता येत नसे. मद्रासेत अनुज्ञा नसेल तर सपिंडांची, म्हणजे पतीच्या जवळच्या नातलगांची, संमती लागे. महाराष्ट्रात विभक्त पतीच्या विधवेला यातले काहीच लागत नसे. मोठे स्वातंत्र्यच ते! पण ते वापरले की तिच्याकडे अन्नवस्त्राचा आणि राहण्याचा हक्क तेवढा उरे.

मुलगा अज्ञान असेतो पालक म्हणून वहिवाट तीच पाही. अठरा पुरी झाली की तो हिशेब मागे. तिने पालक या नात्याने विकलेले शेतही सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावून परत मागता येई. म्हणून शहाणी माणसे दत्तकपत्रातच लिहून घेत, की आईच्या हयातीत वहिवाट आईचीच. त्यावर सही जनक बापाची. बापाने केलेला करार मुलाला बांधतो का, यावर न्यायालये कित्येक वर्षे झगडली. अखेर १९२७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मद्रासकडच्या एका दाव्यात, विधवेच्या हयातीपुरत्या वाजवी अटी रूढीने ग्राह्य धरल्या.

पुण्याच्या ताई महाराजांचे प्रकरण टिळकांमुळे गाजले. पती बाबा महाराज १८९७ मध्ये वारले. टिळक त्यांच्या मृत्युपत्राच्या विश्वस्तांपैकी एक. १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तक झाले. पुढे ताई महाराजांनी ते नाकारून कोल्हापूरचा मुलगा घेतला. १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथच खरा ठरवला, तेव्हा ताई महाराज हयात नव्हत्या. या प्रकरणातून टिळकांवर झालेल्या खोट्या साक्षीच्या खटल्याची आठवण सगळे काढतात. दत्तक घेताच आपले काय उरणार, हा त्या तरुण विधवेपुढचा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

डिसेंबर १९५६ च्या दत्तक आणि पोटगी कायद्याने हे पालटले. आधीच कोणाच्या मालकीची झालेली मिळकत दत्तक मुलगा काढून घेऊ शकणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. कायदा येण्यापूर्वी झालेल्या दत्तकांना मात्र तो लागू झाला नाही.